निकालपत्रावरचा व्हाइटनर

दिवाळी होऊन गेली की वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्या दिसू लागतात. नवखं गिऱ्हाईक चक्रावतं, कारण कोकणात तेव्हा मोहोरही धड आलेला नसतो. व्यापारी सवयीने सांगतो, ‘मलावी आहे.’ कलमं कोकणातून नेलेली, माती आफ्रिकेची, आणि देश विषुववृत्ताच्या खालच्या अंगाला असल्याने हंगाम आपल्या उलटा. आपल्यापैकी बहुतेकांची मलावीशी ओळख इथे सुरू होते आणि इथेच संपते.

मला या देशात रस आहे तो तिथल्या एका निवडणुकीमुळे. २०१९ मध्ये झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तिथल्या न्यायालयाने रद्द केली. २०२० मध्ये फेरमतदान झालं, विरोधक जिंकले, जगभर कौतुक झालं. आणि २०२५ मध्ये त्याच मतदारांनी कौतुकाच्या धन्यांना घरी बसवून, ज्यांची निवडणूक रद्द झाली होती त्या ८५ वर्षांच्या गृहस्थांना परत आणलं. तेही पूर्वी कधी मिळाली नव्हती एवढी मतं देऊन.

हे वाचून लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळे होतात. एक, ‘शेवटी काही बदलत नाही.’ दुसरा, ‘लोक विसरभोळे असतात.’ मला दोन्ही पटत नाहीत. मलावीत नेता निवडायची रीत खरोखर बदलली. राज्य चालवायची रीत मात्र होती तशीच राहिली. लांबून पाहताना या दोन गोष्टी एकच दिसतात आणि गोंधळ तिथे होतो.

कोण, कुठे

मलावी आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा, त्यातही बराचसा भाग मलावी सरोवराने व्यापलेला. समुद्रकिनारा नाही. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास, त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त खेड्यांत. परकीय चलन मिळतं ते मुख्यतः तंबाखूतून. जेवण म्हणजे न्सिमा: मक्याच्या पिठाचा, आपल्या उकडीच्या कुळातला पण तिच्याहून घट्ट गोळा. न्सिमा पोटात गेला नाही तर माणूस जेवलोच नाही म्हणतो, जसं आपल्याकडे कुणी भाताबद्दल आणि कुणी भाकरीबद्दल म्हणतं. म्हणून तिथलं राजकारण समजून घ्यायला दोन भाव माहीत असावे लागतात, मक्याचा आणि खताच्या गोणीचा. बाकीचं त्यानंतर.

१९६४ मध्ये ब्रिटिश गेले. हेस्टिंग्ज बांडा आले ते तीस वर्षं बसले. १९७१ पासून तर ‘तहहयात अध्यक्ष’ म्हणून. पक्ष एकच, मलावी काँग्रेस पार्टी. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी राजवटीवर टीका करणारं पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं आणि भीतीला पहिली चीर गेली. जून १९९३ च्या सार्वमतात सुमारे ६३ टक्के लोकांनी बहुपक्षीय पद्धतीच्या बाजूने कौल दिला, १९९४ मध्ये निवडणूक झाली, बांडा हरले आणि पायउतार झाले. म्हणजे आपण ज्या लोकशाहीबद्दल बोलतो आहोत तिचं वय २०१९ मध्ये अवघं पंचवीस होतं.

त्या पंचविसातली एक गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवी. ५ एप्रिल २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका हृदयविकाराने गेले. घटनेनुसार उपाध्यक्ष जॉइस बांडा यांनी सूत्रं घ्यायची. पण बिंगूंनी त्यांना आधीच पक्षातून काढलं होतं आणि बाईंनी स्वतःचा पक्ष काढला होता. मृत्यूची घोषणा रोखून धरली गेली. अध्यक्षांना उपचारासाठी दक्षिण आफ्रिकेला नेत आहोत असं सांगून विमान गेलं, पण त्यात होता तो मृतदेह. मध्यरात्री सहा मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन जॉइस बांडा यांचा हक्क नाकारला. बिंगूंचे धाकटे भाऊ पीटर यांना खुर्चीवर बसवायचं चाललं आहे हे तोवर सगळ्या देशाला कळलं होतं. शेवटी निर्णायक ठरले लष्करप्रमुख हेन्री ओडिलो. त्यांनी घटनेच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं, बाईंच्या घराला सैनिकांचा पहारा दिला, आणि ७ एप्रिलला शपथविधी झाला. लष्कराने सत्ता घेतल्याच्या बातम्या आफ्रिकेतून आपण पुष्कळ वाचतो. इथे लष्कराने सत्ता घेऊ दिली नाही, ती ज्याची त्याला दिली. ही सवय सात वर्षांनी पुन्हा कामी आली.

पीटर मुथारिका २०१४ मध्ये रीतसर निवडून आले, ३६.४ टक्के मतांवर. अमेरिकेत अनेक वर्षं कायदा शिकवलेले प्राध्यापक. हा तपशीलही ध्यानात असू द्या.

फॉर्म

आपल्याकडे निवडणूक ड्यूटी केलेल्या शिक्षकांना हे पटकन समजेल. मतदान संपल्यावर माणूस दमलेला असतो, आणि तेव्हाच सगळ्यात किचकट काम समोर येतं: हिशेब जुळवायचा. आपल्याकडे तो १७-सी नावाच्या फॉर्मवर. मलावीत यंत्रं नाहीत, कागदी मतपत्रिका, आणि मोजणी त्याच रात्री त्याच केंद्रावर. शाळेच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवायची, ढीग लावायचे, मग निकालपत्र भरायचं. किती मतपत्रिका आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, किती बाद, कुणाला किती. आडवी उभी बेरीज जुळलीच पाहिजे. खाली केंद्राध्यक्षाची आणि पक्षांच्या प्रतिनिधींची सही.

२१ मे २०१९ रोजी असं पाच हजारांहून जास्त केंद्रांवर झालं. आता पहाटे दोन वाजता बेरीज जुळत नसेल तर माणूस काय करतो? खोडतो, वर लिहितो. कुठे तरी टेबलावर व्हाइटनरची बाटली असते. मलावीत तिला तिच्या ब्रँडच्या नावाने टिपेक्स म्हणतात, आणि हा शब्द पुढे वर्षभर देशाच्या तोंडी होता. कारण निकालपत्रांच्या प्रती फिरू लागल्या तेव्हा त्यांवर पांढरे ठिगळ दिसले, आणि ते केंद्रावरच लागले की वाटेत, हे कुणालाच सांगता येईना. काही ठिकाणी मूळ पत्रच नव्हतं, दुसऱ्याच कोऱ्या फॉर्मवर आकडे उतरवलेले होते. काहींवर सह्या नव्हत्या.

२७ मे रोजी निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष जेन अन्साह यांनी निकाल जाहीर केला. मुथारिका ३८.५७ टक्के, मलावी काँग्रेस पार्टीचे लाझारस चकवेरा ३५.४१, आणि सॉलोस चिलिमा २०.२४. पहिल्या दोघांतला फरक १ लाख ५९ हजार मतांच्या आतला. दुसऱ्याच दिवशी शपथविधी उरकला.

हरलेले दोघे कोण, तेही पाहायला हवं. चकवेरा हे पाद्री. असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाचं मलावीतलं नेतृत्व त्यांनी वीसहून जास्त वर्षं केलेलं. आणि ते ज्या पक्षाचे उमेदवार होते तो पक्ष म्हणजे हुकूमशहा बांडांचाच जुना पक्ष. चिलिमा टेलिकॉम कंपनीचे प्रमुख राहिलेले, चाळिशीतले, शहरी तरुणांचे लाडके, आणि गंमत म्हणजे मुथारिकांचेच उपाध्यक्ष. पक्षातून फुटून त्यांनी २०१८ मध्ये स्वतःची आघाडी काढली होती. नव्या लोकशाहीत नवे चेहरे शोधणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते. एक जुना पक्ष, एक कालचा उपाध्यक्ष. बदलाचं साहित्य एवढंच उपलब्ध होतं.

युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी मतदानानंतरच्या पहिल्या निवेदनात व्यवस्थेला चांगलेच गुण दिले होते. त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. मतदानाच्या रांगा शिस्तीत होत्या, आणि निरीक्षकाला रांग दिसते. निकालपत्र कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेलं ते त्याला दिसत नाही.

रस्ता आणि न्यायालय

चकवेरा आणि चिलिमा दोघे न्यायालयात गेले. त्याच वेळी मानवाधिकार संघटनांच्या एका आघाडीने मोर्चे सुरू केले, मागणी एकच: अन्साह यांनी राजीनामा द्यावा. अन्साहबाई स्वतः सर्वोच्च अपील न्यायालयाच्या न्यायाधीश. त्या हटल्या नाहीत. फॉर्मवरच्या दुरुस्त्या हिशेबाच्या होत्या, मतांच्या आकड्यांना धक्का लागलेला नाही, ही आयोगाची भूमिका.

मोर्चे महिनोन्‌महिने चालले. पोलीस अश्रुधूर सोडत आणि लष्कराचे जवान मोर्चेकरी व पोलीस यांच्या मध्ये उभे राहत. कित्येकदा मोर्चेकरी सैनिकांच्या संरक्षणात चालले. ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी लिलाँग्वेजवळच्या मसुंडवे भागात जमावाने एका पोलिसाला दगडांनी ठेचून मारलं, आणि त्याचा सूड म्हणून पोलिसांनी गावातल्या बायकामुलींवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. पुढे न्यायालयाने या बायकामुलींना नुकसानभरपाई द्यायला सांगितलं. मलावीची गोष्ट ‘शांततापूर्ण’ म्हणून सांगणारे लोक हा परिच्छेद गाळतात.

खटला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे चालला. सुनावणी रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाली. बाजारात, मिनीबसमध्ये, सलूनमध्ये लोक साक्षी-उलटतपासणी ऐकत होते, आपण क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचो तशी. आयोगाच्या मुख्य अधिकाऱ्याला एकेका निकालपत्रावरून प्रश्न विचारले गेले: ही सही कुणाची, हा आकडा कुणी बदलला, कधी, कुणाच्या परवानगीने. साध्या लोकांना एरवी न कळणारी गोष्ट, म्हणजे मत पेटीत पडल्यानंतर त्याचं काय होतं, ही त्या काही महिन्यांत देशाला तोंडपाठ झाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत टिकाऊ भाग. शाळेच्या नागरिकशास्त्राने जे झालं नसतं ते उलटतपासणीने झालं.

न्यायाधीशांना लाच देऊ करणाऱ्या एका बड्या बँकमालकावर खटला झाला. त्याला २०२१ मध्ये शिक्षा झाली. प्रकार उघडकीला आला तोच न्यायाधीशांनी तक्रार केली म्हणून.

३ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल. न्यायाधीश लष्कराच्या चिलखती गाडीतून, अंगात बुलेटप्रूफ जाकिटं घालून आले. शहरांतली दुकानं बंद. सुमारे ५०० पानांचं निकालपत्र, आळीपाळीने वाचायला दहाएक तास लागले. निवडणूक रद्द. दीडशे दिवसांत नवी घ्या.

यातले दोन मुद्दे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नीट वाचावेत असे आहेत. पहिला: गडबडीमुळे नेमकी किती मतं इकडची तिकडे झाली आणि त्याने विजेता बदलला असता का, हे अर्जदारांनी आकड्यांनी सिद्ध करण्याची गरज नाही असं न्यायालय म्हणालं. जगभर निवडणूक याचिका सहसा याच दगडावर आपटून फुटतात, कारण पुरावा ज्याच्या ताब्यात तोच प्रतिवादी. प्रक्रियाच व्यापक आणि गंभीर प्रमाणात बिघडली असेल तर तेवढं पुरे, अशी भूमिका पीठाने घेतली. पांढऱ्या ठिगळाखाली काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. हे माहीत नसणं हाच दोष ठरला.

दुसरा मुद्दा त्या दिवशी मथळ्यांत थोडा मागे पडला, पण राजकारण बदललं ते त्याने. घटनेत राष्ट्राध्यक्ष मतदारांच्या ‘बहुमताने’ निवडावा असं लिहिलेलं. आजवर त्याचा अर्थ ‘सगळ्यांत जास्त मतं’ असा लावला जात होता, म्हणून ३६ टक्क्यांवरही खुर्ची मिळायची. आता न्यायालय म्हणालं, बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त. मलावीचं मतदान प्रांतांत वाटलेलं आहे: उत्तर, मध्य, दक्षिण. आपापला प्रांत सांभाळला की जिंकता येतं, हे गणित एका वाक्यात मोडलं.

दीडशे दिवस

मुथारिकांनी निकाल मानायला खळखळ केली, अपील केलं, आणि दरम्यान बरंच काही करून पाहिलं. निवडणूक कायद्यातल्या दुरुस्त्यांवर सही नाकारली. मोर्च्यांना संरक्षण देणारे लष्करप्रमुख व्हिन्सेंट नुंडवे यांना मार्चमध्ये काढलं. एप्रिलमध्ये करोनासाठी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांची काही सोय केली नाही म्हणून ती न्यायालयाने थांबवली. ८ मे रोजी अपील फेटाळलं गेलं, एकमताने. मग मतदानाला अकरा दिवस उरले असताना सरकारने सरन्यायाधीशांना निवृत्तीपूर्व रजेवर पाठवायचा घाट घातला. वकील काळे कोट घालून रस्त्यावर आले, न्यायालयाने तोही बेत अडवला.

कायद्याचे प्राध्यापक, आणि हे सगळं. मला यात खलनायकी कमी आणि सवय जास्त दिसते. १९९४ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षाच्या हातात नेमणुकांचे अधिकार भरपूर ठेवले होते. हातात चाव्या असल्या की माणूस कुलपं फिरवून पाहतोच. यावेळी कुलपं फिरली नाहीत.

विरोधकांच्या बाजूला मात्र एक अवघड निर्णय झाला. नव्या नियमाने ३५ टक्केही पुरत नव्हते आणि २० टक्केही. चिलिमांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली, राष्ट्राध्यक्षपदाची चकवेरांकडे. नऊ पक्षांची आघाडी झाली, नाव ‘तोन्से’. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ ‘आपण सगळे’. ज्याला शहरं डोक्यावर घेत होती त्याने दुसरी जागा पत्करली, हे सोपं नसतं. त्या बदल्यात चकवेरांनी एकाच मुदतीनंतर वाट मोकळी करायची असं ठरलं होतं, असं चिलिमांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. या गोष्टीतली एक कडू फळी इथे ठोकली गेली होती, पण २०२० च्या उत्साहात ती दिसली नाही.

२३ जूनला मतदान. करोनामुळे परदेशी निरीक्षक जवळपास नव्हतेच. घरच्यांनीच घरची निवडणूक घेतली. चकवेरा ५८.५७ टक्के. मुथारिका चाळीसच्या आत. न्यायालयाने रद्द केलेल्या निवडणुकीनंतर फेरमतदानात विरोधक जिंकल्याचं आफ्रिकेतलं हे पहिलं उदाहरण. केनियात २०१७ मध्ये निवडणूक रद्द झाली होती, पण फेरमतदानावर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि सत्ता होती तिथेच राहिली. लंडनच्या चॅटम हाउस या अभ्याससंस्थेने त्या वर्षीचा पुरस्कार पाच न्यायाधीशांना दिला. एका ब्रिटिश साप्ताहिकाने मलावीला ‘वर्षाचा देश’ ठरवलं.

राज्य आल्यावर

मोहभंग व्हायला दोन आठवडेही लागले नाहीत. ३१ जणांचं मंत्रिमंडळ जाहीर झालं आणि त्यात नातेवाईक सापडले: एक भाऊ-बहीण, एक नवरा-बायको. घराणेशाहीची आपल्याला काय नवलाई, पण ‘आपण सगळे’ या नावाखाली निवडून आलेल्यांच्या मंत्रिमंडळात ‘आमचे सगळे’ निघणं लोकांना झोंबलं. त्यातल्या भावाला, म्हणजे श्रममंत्र्यांना, एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निधीतून प्रवासखर्च घेतल्यावरून जावं लागलं. रक्कम फार मोठी नव्हती. निधी करोनाचा होता.

पण चकवेरा हरले ते यामुळे नाही. हरले खताच्या गोणीमुळे.

प्रचारात वचन होतं स्वस्त खताचं. पहिल्या वर्षी ते पाळलं गेलं, आणि जोरात. सुमारे ३७ लाख शेतकरी कुटुंबांना ५० किलोची गोणी ४,४९५ क्वाचाला (क्वाचा हे तिथलं चलन). पीक चांगलं आलं. मग २०२१ च्या उत्तरार्धात जगात खताचे भाव चढले, पाठोपाठ युक्रेनचं युद्ध. मलावी खत आयात करतो, ते मोझांबिक आणि टांझानियाच्या बंदरांतून ट्रकने यायचं, आणि विकत घ्यायला डॉलर लागतात. तंबाखू विकून मिळणारे डॉलर इंधन, औषधं आणि खत या तिघांत पुरेनात. गोणीचा भाव चढत चढत २०२२ मध्ये शेतकऱ्याच्या वाट्याचे १५,००० क्वाचा झाला. लाभार्थीही कमी केले, २५ लाखांवर आणले.

आणि ऐन त्या टंचाईत बाहेर आलं की कृषी खात्याने खतासाठी म्हणून सुमारे ७५ कोटी क्वाचा आगाऊ पाठवले ते इंग्लंडमधल्या एका मांसविक्रीच्या कंपनीला. खाटकाला. खत आलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कृषिमंत्री आणि त्यांचे उपमंत्री दोघांना काढलं. धोरणाचं अपयश लोक एक वेळ समजून घेतात, जगात महागाई आहे हे गावातल्या म्हातारीलाही कळतं. पण खताचे पैसे खाटकाकडे, हे वाक्य कुणालाही समजतं. मला तर वाटतं, व्हाइटनरनंतर मलावीच्या राजकारणाला मिळालेली ही दुसरी प्रतिमा.

दैवही सरकारच्या बाजूने नव्हतं. जानेवारी २०२२ च्या वादळाने कापिचिराचं जलविद्युत केंद्र बंद पाडलं. त्यानंतर पटकीची साथ, १,७०० हून जास्त मृत्यू. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ, सहाशेहून जास्त मृत. त्या पुढच्या हंगामात दुष्काळ, २८ पैकी २३ जिल्हे आपत्तीग्रस्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं एका फटक्यात ४४ टक्के अवमूल्यन. चकवेरांनी स्वतःचे आणि मंत्र्यांचे परदेश दौरे थांबवले. प्रतीकात्मक, पण उशिराचं. नाणेनिधीचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ मध्ये गुंडाळला गेला. पेट्रोल पंपांवर रांगा. काळ्या बाजारात डॉलर सरकारी दराच्या दुपटीहून महाग.

चिलिमांचं काय झालं? लाचखोरीच्या एका प्रकरणात नाव आल्यावर जून २०२२ मध्ये त्यांची कामं काढून घेतली, नोव्हेंबरात अटक झाली. मे २०२४ मध्ये आरोप मागे घेतले गेले. १० जून २०२४ रोजी ते एका माजी ॲटर्नी जनरलच्या अंत्यविधीला लष्करी विमानाने उत्तरेकडे निघाले, म्झुझूला उतरता आलं नाही, विमान मागे फिरलं आणि चिकांगावाच्या जंगलात कोसळलं. नऊही जण गेले. घातपाताच्या चर्चा थांबल्या नाहीत. त्यांचा पक्ष आघाडीतून बाहेर पडला, आणि २०२० मधल्या ५८ टक्क्यांच्या बेरजेतला मोठा आकडा वजा झाला.

चकवेरांच्या नेतृत्वाबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. वादळं आणि युद्ध त्यांच्या हातात नव्हतं हे मान्य. पण राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी करू, असं सांगून ते आले होते. ज्या चाव्यांनी मुथारिकांनी कुलपं फिरवून पाहिली, त्या चाव्या चकवेरांनी खिशात ठेवल्या. कारभाराची पद्धत बदलायला पैसे लागत नाहीत, डॉलर तर नाहीतच. ते पहिल्या सहा महिन्यांत करायचं काम होतं, नवा नवरदेव असतानाच. नंतर प्रत्येक नेमणूक कुणाचं तरी देणं फेडण्यासाठी लागते. नऊ पक्ष होते.

आठ दिवस

१६ सप्टेंबर २०२५. मुथारिकांच्या पक्षाचा प्रचार जुन्या, अनुभवी नेतृत्वाकडे परत चला या धर्तीचा. वय ८५, सभा मोजक्याच. त्यांना फार बोलायची गरजही नव्हती; लोकांना २०१९ मधला गोणीचा भाव पाठ होता.

या वेळी आयोगाने निकालाची घाई केली नाही. प्रत्येक निकालपत्र ताडून पाहिलं जात होतं. आकडे भरणारे काही कर्मचारी गडबड केल्याच्या संशयावरून पकडलेही गेले. कायद्याने दिलेले आठही दिवस वापरले, आणि लोक रेडिओला कान लावून थांबले. २४ तारखेला घोषणा होण्याआधीच चकवेरांनी पराभव मान्य केला. मुथारिका ५६.८ टक्के, चकवेरा ३३.

निम्म्याहून जास्त मतांची अट मुथारिकांविरुद्धच्याच खटल्यात आली होती. तो निकाल म्हणजे न्यायाची मोडतोड, असं ते तेव्हा म्हणाले होते. २०१४ मध्ये ३६.४, २०१९ मध्ये ३८.५७ आणि तेही रद्द. त्यांच्या आयुष्यातला पहिला निखळ जनादेश त्यांना त्याच अटीने मिळवून दिला.

४ ऑक्टोबरला ब्लँटायरच्या कामुझू स्टेडियममध्ये शपथविधी झाला. मुथारिकांबरोबर उपाध्यक्षपदी निवडून आल्या होत्या जेन अन्साह. ज्यांच्या राजीनाम्यासाठी वर्षभर रस्ते भरले होते, आणि ज्यांनी तो अखेर मे २०२० मध्ये दिला, त्याच. चाळीसच्या आतून ५६ च्या पुढे जायचं तर त्या मोर्च्यांत चाललेल्या पुष्कळ पायांनी या वेळी मतदान केंद्रावर जाऊन त्यांच्याच नावापुढे खूण केली असणार.